शून्याचं वाक्य

गोमती नगरच्या ऑफिसात बसून नेत्राने लखनौच्या नागरिकांसाठी तक्रारींची वेबसाइट बनवली होती, तीही नऊ भाषांत. रेल्वेतून रिटायर झालेले इंजिनिअर बाबुराव 'वृंदावन योजना' नावाच्या वसाहतीत राहायचे. घरासमोरच्या उघड्या गटारात शेजाऱ्यांची स्कूटर गेली, तेव्हा त्यांनी मराठीतून तक्रार नोंदवली. स्क्रीनवर उमटलं, 'तुमच्या 1 तक्रारी प्रलंबित आहेत.' बाबुरावांची तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथल्या तिथे दुसरी तक्रार ठोकली: 'गटार राहू द्या, आधी भाषा सुधारा!'

नेत्राने तिचे साहेब मिश्राजी यांना सांगितलं, "सर, एका तक्रारीसाठी वेगळं वाक्य लिहावं लागेल आणि अनेक तक्रारींसाठी वेगळं. नऊ भाषांचं मिळून दोन दिवसांचं काम आहे."

मिश्राजींनी बाबुरावांचं पान उघडलं. तिथे आता 'तुमच्या 2 तक्रारी प्रलंबित आहेत' असं झळकत होतं.

"सही तो है! बंद करो इसको."

भाषेची तक्रार बंद झाली आणि आकडा परत एकावर आला. बाबुराव परत भडकले, त्यांनी परत तक्रार केली, मिश्राजींनी ती परत बंद केली. हा खेळ चार वेळा रंगल्यावर नेत्रा वैतागली.

"सर, त्यापेक्षा गटारावर झाकणच बसवायला सांगू या ना. सगळंच मिटेल."

मिश्राजी दचकले.

"पागल हो क्या? फिर तो ज़ीरो हो जाएगा! ज़ीरो का मेसेज हमने बनाया ही नहीं, आज तक ज़रूरत कहाँ पड़ी?"