एल्मस्टेडचा माणूस

"एल्मस्टेडहून बंधू एनॉक पेक आलेत," सकाळचा उपदेश संपवून पाळकसाहेब म्हणाले. "तिथल्या चर्चच्या मंडळीचं शिफारसपत्र त्यांनी आणलंय. आपले जबेझ टटल तिथलेच. दुपारी ते यांची ओळख पटवतील, मग आपण हात वर करून यांना मंडळीत घेऊ. त्यानंतर टटलांच्या बाळाचा बाप्तिस्मा."

बाकावर बसलेल्या जबेझने मान खाली घातली.

तो एल्मस्टेडचा नव्हताच. ते गाव त्याने डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं. पाऊस येताना दिसला म्हणून त्याने काम वर्ज्य असलेल्या एका रविवारी वाळलेलं गवत कोठारात ओढलं, एवढाच त्याचा गुन्हा. पण सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागायला तो तयार झाला नाही, आणि त्याच्या खऱ्या गावच्या मंडळीने त्याला पत्र नाकारलं. पत्राविना नव्या गावात कोण दारात उभं करतं? मग त्याने लांबच्या एल्मस्टेडचं नाव घालून स्वतःच पत्र लिहिलं. इथल्या, ब्रुकबरीच्या मंडळीने ते आपल्या वहीत उतरवून घेतलं, इथेच त्याचं लग्न झालं. बायकोलासुद्धा यातलं काही ठाऊक नव्हतं.

दुपारच्या सुटीत सगळे शेजारच्या खोलीत शेकोटीभोवती गारढोण पाव आणि घेवडा खात बसले.

"अहो, गावचा माणूस आलाय आणि तुमचं तोंड हे असं?" त्याची बायको थँकफुल म्हणाली. "बोलवा की त्यांना जेवायला."

"खाईल तो त्याचा."

"धन्य आहे तुमची! थांबा, मीच बोलावते."

ती गेली तशीच परत आली. "पोट बरं नाही म्हणाले. पण तुमच्याकडे सारखी नजर आहे हो त्यांची."

जबेझने पाहिलं. दाराशी उभा राहून पेक हातातली टोपी पिळत होता आणि त्याच्याकडेच टक लावून बघत होता. ओळखलं मेल्याने, जबेझला वाटलं. आता सगळ्यांसमोर अब्रू काढणार.

अब्रूचंही एक वेळ चाललं असतं. पण पहिलं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं होतं, आणि तेव्हापासून थँकफुल धड झोपली नव्हती. ती स्वतः अजून सभासद नव्हती. बाप्तिस्मा व्हायचा तो जबेझच्या नावावर. ते नाव वहीतून खोडलं गेलं, की या बाळाच्याही कपाळाला पाणी लागणार नव्हतं.

दुपारच्या उपदेशातलं त्याला एक अक्षरही ऐकू आलं नाही.

"बंधू टटल, तुम्ही यांना ओळखता?" पाळकसाहेबांनी विचारलं.

जबेझ उभा राहिला. हो म्हणावं, तर पेक म्हणणार, हा कोण बुवा? नाही म्हणावं, तर पाळकसाहेब विचारणार, गावचे असून कसे ओळखत नाही? बाकावर बाळ कुरकुरलं.

"ओळखता काय विचारता, पाळकसाहेब!" पेकच पुढे आला आणि त्याने जबेझचे दोन्ही हात धरले. "वर्षानुवर्षं एका बाकावर बसलोय आम्ही. जबेझ, लेका, केवढा वाळलास रे!"

पेकचे हात बर्फासारखे गार होते.

"हो... हो, ओळखतो," जबेझ कसंबसं म्हणाला.

सगळे हात वर झाले. मग भांड्यातला बर्फाचा पापुद्रा फोडून पाळकसाहेबांनी बाळाच्या कपाळाला पाणी लावलं. बाळाने टाहो फोडला आणि थँकफुल किती दिवसांनी हसली.

जबेझला भरून आलं. केवढा देवमाणूस! आपलं खोटं ओळखूनही त्याने ते पोटात घातलं. तो धावतच घोड्यांच्या तबेल्यापाशी गेला. पेक तिथे एकटाच उभा होता.

"पेकदादा, तुमचे हे उपकार मी जन्मात..."

पेकने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची बाही धरून त्याला आडोशाला ओढलं.

"उपकार तुमचे, टटल! तुम्ही नाही म्हणाला असतात तर मेलोच होतो मी," तो कुजबुजला. "आता एवढं एकच सांगून ठेवा, उद्या कोणी विचारलं तर पंचाईत नको. आपलं एल्मस्टेड नदीच्या अलीकडे, की पलीकडे?"