चाळीस पेले

भुवनेश्वरची मधुस्मिता टेकडीवरच्या सालवनात ओळीने चाळीस पेले पुरून गेली, तेव्हाच म्हाताऱ्या सिनी पिंगुआच्या मनात पाल चुकचुकली. पेल्यात साबणाचं पाणी आणि प्रत्येक पेल्याशेजारी लाल झेंडी. पलीकडच्या गावात खाणवाल्यांच्या अशाच झेंड्या लागल्या होत्या. आता तिथे गाव नाही, खड्डा आहे.

“पोरी, खरं सांग, काय शोधतेस?”

“मुंग्या, मावशी. इथे किती जातीच्या आहेत ते बघायचंय.”

“मुंग्यांची आम्ही मीठ-मिरची घालून चटणी वाटतो. त्यांच्या जाती बघायला कुणी जीप घेऊन येतं होय?”

दुसऱ्या दिवसापासून सिनी मोहाची फुलं वेचायला निघाली, की आधी पेल्यांकडे वळायची. काळ्या, पिवळ्या, केसाळ, भल्या मोठ्या डोक्याच्या... इतक्या तऱ्हा तिनेसुद्धा जन्मात पाहिल्या नव्हत्या. सगळ्या पानाने उपसून ती झुडपात फेकायची. पेला पुन्हा जिथल्या तिथे. बघू, काय घेऊन जाते ती!

आठव्या दिवशी मधुस्मिता आली. शेवटचा पेलाही तिने उचलून उजेडात धरून बघितला.

“एकही नाही?” सिनीने भोळा चेहरा करून विचारलं.

मधुस्मिताने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “या टेकडीवर काही जगतच नाही, असं खाणवाल्यांनी सरकारला लिहून दिलंय. ते खोटं पाडायला आले होते मी. मावशी, कुणीतरी रोज हे पेले रिकामे करतंय. खरं सांग, गावात त्यांचा माणूस कोण आहे?”