वाढवून लिहिलेलं वर्ष

"कागदावर तुला अठरा पूर्ण झालीत, चंदा," क्रीडा प्रबोधिनीचे सर शाळेचा दाखला पुढे सरकवत म्हणाले. "परदेशातली स्पर्धा अठराच्या आतली. निवड चाचणीत भाला तुझाच सगळ्यांत लांब गेला, पण नाव वगळलंय."

"सर, मला सतरावंच सरलंय." आज चौथ्यांदा सांगताना तिचा आवाज पार दमला होता.

"दाखला दुरुस्त होईस्तोवर स्पर्धा उरकून जाईल गं."

शेजारी बसलेल्या आईनं पदर तोंडाशी नेला. "सर, माझीच चूक हाय. आमी वीटभट्टीवर, लेकरू उन्हात. पाच वर्सांची पोर शाळेत घेईनात. मग गुरुजींच्या पाया पडले, म्हणलं, वरीस वाढवून लिवा, दुपारची खिचडी तरी मिळंल तिला."

मैदानावरचं ऊन, दिवसभर राबून घराकडे निघालेल्या बाईसारखं, पाय ओढत चाललं होतं.

चंदाला ओरडावंसं वाटलं. पण तेवढंही बळ उरलं नव्हतं. तिनं मातीनं भेगाळलेला आईचा हात ओढून आपल्या दंडावर ठेवला.

"उगी, आये. हा दंड कशावर पोसला मग? त्या खिचडीवरच ना?"