उंच छताचा हॉल

छताच्या लोखंडी तुळईवर लाल ठिपका पडला होता आणि तो किंचित थरथरत होता. अंतर मोजायचं यंत्र ताईने दोन्ही हातांत धरलं होतं, कोपर बरगड्यांना टेकवले होते. तरी ठिपका हलतच राहिला, एका ठरावीक लयीत. तिच्या नाडीच्या. यंत्राने आकडा दाखवला, तेहतीस फूट. तिने पुन्हा मोजलं. तेहतीसच.

मागे तिचा धाकटा भाऊ उभा होता. कुस्तीच्या शोमध्ये लोक त्याला 'घार' म्हणत. वरच्या दोरावर चढायचं, हात पसरायचे आणि खाली पडलेल्या गड्यावर झेप घ्यायची, यावर त्याचं नाव झालं होतं. पण रिंग जमिनीपासून चार फूट उंच, वरचा दोर त्याहून साडेचार, त्यावर सहा फुटी माणूस, आणि त्याची उसळी. छत वीस फुटांच्या आत असलं की झेप बंद. गेल्या वर्षभरात ताईने घेतलेला एकही हॉल सोळा फुटांच्या वर नव्हता.

शोची कंपनी दोघांची होती. रिंगच्या आतलं भाऊ ठरवायचा, बाहेरचं ताई. हॉल, दारं, दिवे, खुर्च्या यांत तो नाक खुपसत नसे आणि कोण जिंकणार हे ती विचारत नसे. मागच्या झेपेनंतर त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. मानेचा फोटो बघून डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, पुढच्या वेळी असेच पडलात तर उठता येईलच असं नाही. त्यावर तो "बघू" म्हणाला होता. ते 'बघू' अजून चालूच होतं.

एरवी हॉल बघायला तो येत नसे. आज न बोलावता गाडीत येऊन बसला होता.

ताईने हॉलमध्ये खोट काढायला सुरुवात केली. जमीन रिंगचं वजन पेलेल का, तिने विचारलं. हॉलचे व्यवस्थापक हसले. गेल्या महिन्यात इथे ट्रॅक्टरचं प्रदर्शन होतं, म्हणाले. ट्रॅक्टर गरगर फिरले, तुमची रिंग तर एका जागी बसून राहणार. तिने दारं बघितली. नायक आणि खलनायक एकाच दाराने आले तर प्रेक्षकांचा विरस होतो, मग भले दोघं एकाच गाडीतून, एकाच डब्यातलं खात आलेले असोत. इथे समोरासमोर दोन दारं होती. शेवटी ती हॉलच्या मध्यावर गेली आणि एक टाळी वाजवली. आवाज भिंतींपर्यंत गेला आणि न घुमता विरला. लोकांचा ओरडा इथे स्वच्छ ऐकू येणार होता. इतका चांगला हॉल तिने या धंद्यात पाहिला नव्हता, आणि तो नाकारायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

व्यवस्थापक चहा सांगायला बाहेर गेले.

"झालं का नावं ठेवून?" भाऊ म्हणाला.

ताई यंत्राची काच पुसत राहिली.

"पहिल्या दोन वेळी वाटलं, दुसरा हॉल मिळाला नसेल. तिसऱ्या ठिकाणी जिंकून हात वर केला तर ट्यूबलाइट हाताला लागली." तो हसला, पण थोडंच. "वर्षभर छताला माझ्याशी बोलायला लावलंस, ताई."

"मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"तू का नाही बोललीस?"

खरं उत्तर तिला माहीत होतं. छतच कमी उंचीचं असलं की तो तिच्याशी भांडू शकत नव्हता. पण तिने झेप नको म्हटलं असतं, तर रिंगच्या आतलं तू बघू नकोस, असं तो एका वाक्यात म्हणू शकला असता. मग ती काय करणार होती?

व्यवस्थापक परत आले ते खुशीत. आमच्या सासूबाई तुमचा एक शो चुकवत नाहीत, त्यांनी सांगितलं. एरवी देवभोळ्या, पण खलनायक आला की खुर्चीवर उभ्या राहून त्याचा उद्धार करतात. वर्षभर तेवढी झेप नाही म्हणून रुसल्या आहेत. मग त्यांनी भावाकडे बघून विचारलं, "तर बाहेरच्या फलकावर घालू ना, घारीची झेप म्हणून?"

आल्यापासून भावाने जमीन पाहिली होती, दोन्ही दारं उघडून पाहिली होती, भिंतीवर बुक्की मारून पाहिली होती. वर मात्र त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. आताही तो उजव्या अंगठ्याने डाव्या हाताची बोटं चोळत ताईकडे बघत होता, शाळेत मास्तरांनी नाव पुकारल्यावर बघायचा तसा.

ताईने यंत्र पिशवीत टाकलं.

"हॉल आम्ही घेतला," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "फलकावर ह्याचं नाव मोठं घाला. झेप घालू नका."

मग ती भावाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"आतलं तू बघतोस, मान्य. एवढं मी ठरवतेय. तू आता झेप घ्यायची नाहीस. कुठल्याच हॉलमध्ये नाही."