एक चमचा दाटपणा

मोहनीने तिसऱ्यांदा चाचणी घेतली. दाटपणा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा सतराशेवरच अडला. पाच हजार यायला हवा होता.

"हा माल पाठवता येणार नाही," ती म्हणाली.

प्रयोगशाळेचे प्रमुख पुखराजजी चष्मा पुसत राहिले. बोलले ते कारखान्याचे मालक सायरमलजी. खुर्ची ओढून ते तिच्या टेबलाशीच बसले होते.

"का? पूड पांढरीशुभ्र आहे. गवारीचीच आहे. माती कालवलीय का कुणी?"

"गवारच आहे, सेठसा. पण गोदामात ती भिजली आणि तुम्ही भट्टीत वाळवून घेतलीत. तापून तिच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटल्या. पाणी दाट होतं ते त्या लांब साखळ्यांमुळे. साखळी आखूड झाली, की पाणी पातळच राहतं."

"मग दोन चमचे घाला म्हणावं."

"डब्यावर एक चमचा छापलंय. लकवा झालेल्यांना साधं पाणी गिळता येत नाही, म्हणून ही पूड घालून दाट करून पाजतात. पातळ राहिलं तर ते श्वासनळीत जातं."

पेलाभर पाण्यात एक चमचा पूड ढवळून तिने पेला त्यांच्यासमोर ठेवला. बघा म्हणून. सायरमलजींनी तो उचलून अर्धा पिऊन टाकला आणि मिशा पुसल्या.

"घ्या. मेलो का मी?"

पुखराजजी हसले. मोहनीला हे सगळं काम त्यांनीच शिकवलं होतं.

"तुम्हाला लकवा कुठे झालाय?" ती म्हणाली.

"मग झालेल्यालाच विचारू." सेठनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "ए भीखाराम!"

मोहनीला वाटलं, थट्टा चाललीय. पण फाटकावरचा म्हातारा पहारेकरी डावा पाय ओढत खरंच आत आला. सेठनी उष्टा पेला पुढे केला. भीखारामने तो प्रसाद घ्यावा तसा दोन्ही हातांनी घेतला.

"बाबोसा, नको!" ती टेबलाला वळसा घालून धावली. तोवर घोट गेला होता.

म्हातारा खोकल्याने दुमडला. पाणी नाकातून आलं, चेहरा काळानिळा पडला. मोहनीने त्याला पुढे वाकवून धरलं, पाठीवर थापा मारल्या. लाळ, शेंबूड, पाणी तिच्या हातांवरून ओघळलं. त्याची तिला किळस आली नाही. सेठ पाय आखडून घेत होते, बुटावर उडालेले थेंब रुमालाने टिपत होते. तिला किळस आली ती ते पाहून.

"आला की परत श्वास," सेठ म्हणाले. "म्हातारपणाचा खोकला आहे."

पुखराजजींनी मान डोलावली. प्रमाणपत्रावर पाच हजार लिहिलं, सही ठोकली आणि कागद तिच्याकडे सरकवला. "कर बेटा. दोन सह्या लागतात."

मोहनीने पाच हजारावर काट मारली, सतराशे लिहिलं आणि खाली सही केली.

सेठनी कागद टराटरा फाडला. "दुसरा छापा. आणि उद्यापासून हिचं तोंड मला दिसता कामा नये."

"उद्या कशाला? आत्ताच जाते," ती म्हणाली.

भीखारामला धरून तिने बाहेर बाकावर आणून बसवलं. मग जयपूरला, माल मागवणाऱ्या खरेदी अधिकाऱ्यांना फोन लावला.

"जोधपूरहून येणारा गवारीचा माल उतरवून घेऊ नका. आधी एक चमचा पाण्यात घालून बघा... हो, नाव लिहून घ्या. मोहनी सांखला."

भीखारामच्या छातीत अजून घरघर वाजत होती. फोन ठेवताच त्याने तिची बाही ओढली. शब्द जड जिभेवरून कसेबसे सुटले.

"बाईसा, सेठसांच्या बुटावर सांडलं माझ्याकडून. रागावले तर नाहीत ना?"