उताणे मासे

"खरं सांग, हे फोटो कॉम्प्युटरवर उलटे केलेस ना?" मॅडमनी स्क्रीनवरची नजर न हटवता विचारलं.

एक जनुक कापून टाकलेल्या माझ्या माशांच्या पिल्लांचं हृदय डावीऐवजी उजवीकडे दिसत होतं. झाडून सगळ्यांचं. हे जरा अतिच आहे, असं मलाही वाटलं होतं.

"तुम्हीच बघा." मी फणकाऱ्याने पिल्लांची बशी मायक्रोस्कोपखाली सरकवली.

मॅडमनी सुईने एका पारदर्शक पिल्लाला हळूच पालथं केलं. इवलंसं धडधडणारं हृदय डावीकडे आलं.

"जनुक कापलं की शेपटी वाकडी होते आणि पिल्लू उताणं पडतं. मग डावं उजवीकडे दिसणारच! एवढंही कळलं नाही?"

माझा चेहरा उतरला. "मी तुमच्याच पेपरमधल्यासारखे ठेवले होते, मॅडम. त्या फोटोसारखे."

हेच जनुक हृदयाची बाजू ठरवतं, असं सांगणाऱ्या ज्या पेपरने त्यांचं नाव झालं, त्यातला फोटो समोरच भिंतीवर फ्रेम करून लावला होता. वाकडी शेपटी, उजवीकडे हृदय. मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या.

मग त्यांनी उठून दार आतून लावून घेतलं.

"हे आणखी कुणाला दाखवलंयस?"