शिट्टी होईपर्यंत

आमच्या घरी एकच कॉम्प्युटर होता. कुकरची शिट्टी झाली की खुर्ची सोडायची, हा आईचा नियम. पण स्वतःची पाळी आली की दादा गुपचूप गॅस बारीक करून यायचा. मी तक्रार केली की आई म्हणायची, “मला नाही बाई दिसला.” तिची स्वतःची त्या खुर्चीत बसायची पाळी कधी आलीच नाही.

परवा माहेरी गेले. दादाने दिलेल्या लॅपटॉपवर आई तिच्या गावाचा नकाशा उघडून शाळेची वाट शोधत होती. कुकर बाबांनी लावला होता.

“शिट्टी झाली की ऊठ. मला बातम्या बघायच्यात,” बाबा म्हणाले.

“हो,” म्हणत आईने मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, “जा, दादा करायचा तसा गॅस बारीक करून ये.”